करंजाची ओपीडी अष्टमीला

डोळ्यांची डॉक्टर असलेली माझी धाकटी नणंद शिल्पा एकदा म्हणाली, "वहिनी, दर शनिवारी करंजा बंदरावर ओपीडी करू या. तिथल्या लोकांना डोळा दाखवायला थेट पनवेल गाठावं लागतं." मला गाडी काढायला निमित्तच हवं होतं. निघालो की!

पनवेलच्या खांदा कॉलनीतून पळस्पे, तिथून उरणचा रस्ता. सकाळी लवकर निघा, नाहीतर कंटेनरच्या रांगेत हॉर्न वाजवत बसाल. उरणला गरमागरम वडापाव खा आणि बंदर जवळ आलं की काचा खाली करा. सुकत घातलेल्या बोंबलांचा तो वास! मला भूक लागते, शिल्पा नाक दाबते.

देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलं. चिटपाखरू फिरकलं नाही. शिल्पाचं तोंड एवढंसं झालं. शेवटी मासळी विकणाऱ्या हिरामावशी आल्या, त्याही घाईत. त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं गेलेला, उजव्यातही दाब वाढलेला. रोज थेंब घालायचे आणि दाब वरचेवर मोजायचा, नाहीतर हाही जाईल, असं शिल्पानं स्पष्ट सांगितलं. पण मासळीचा लिलाव सोडून पनवेलला यायला मावशी तयार होईनात. मग पुढच्या शनिवारी इथेच या, म्हणून शिल्पा हट्टाला पेटली.

"बाय, शनवार तुमचा," मावशी म्हणाल्या. "आमी उधाण-भांग बघतो. आता उधाण हाय, सगली कामाला. अष्टमीला भांग, पान्याला जोर नाय, होड्या बंदरात. तवा या."

घ्या! आम्ही वार धरून बसलो आणि गाव चालतं तिथीवर. शिल्पा आधी वैतागली, मग खो खो हसत सुटली.

अष्टमीला पुन्हा गेलो आणि काय सांगू, मंडप खचाखच! मावशी पुढे उभ्या राहून घुसणाऱ्यांना झापत होत्या. शिल्पानं त्यांच्या उजव्या डोळ्याला यंत्र लावलं. थेंबांनी दाब उतरला होता.

"ऱ्हायला ना डोला?" मावशींनी हळूच विचारलं.

शिल्पानं हसून होकार दिला, आणि मी मेली रडले. दुपारी मावशींकडेच ताजे बोंबील आणि तांदळाची भाकरी. पैशांचं नाव काढलं म्हणून ओरडा खाल्ला, तो वेगळाच.

आता महिन्यातल्या दोन्ही अष्टम्यांना शिल्पा करंजाला असते. परवा अष्टमीला मी खांदा कॉलनीतल्या तिच्या दवाखान्यात बसले होते, तर एक काका माझ्यावर चिडले, "डॉक्टर अशा दिवसभर गायब झाल्या, तर आम्ही जायचं कुठे?"

मी खिडकीतून बोट दाखवलं. समोरच्याच इमारतीत डोळ्यांचा दुसरा दवाखाना उघडा होता.