लेन्स ठीकच होती

मंडळी, वर्षभर मी या ग्रुपवर माझ्या लेन्सला शिव्या घालतोय. आज सगळ्या मागे घेतो.

कराडच्या धावपट्टीवर मी दोन सीटचं छोटं विमान उडवतो आणि दुसऱ्यांची विमानं उतरताना त्यांचे फोटो काढतो. हौस, दुसरं काय! पण गेलं वर्षभर प्रत्येक फोटो धूसर दिसत होता. लेन्स दोनदा दुरुस्तीला दिली. बायको म्हणायची, "आवं, चांगला तर हाय की फोटो." मी तिच्यावर खेकसायचो, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि डिलीट करायचो. शेकडो फोटो असे उडवले.

आज मिरजेला डोळे दाखवले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढी नजर टिकवायचा प्रयत्न करू. विमान मात्र आता बंद."

म्हणजे फोटो चांगले होते.

डिलीट करण्याआधी मी पाठवलेला एखादा फोटो कुणाकडे शिल्लक असेल, तर जरा मोठा करून बघाल का? विमानाच्या शेपटीवरचा नंबर वाचता येतो का, तेवढं सांगा. बायकोला विचारायला मला तोंड उरलेलं नाही.