इंजिन चालू असताना बोलायचं नाही

आमच्या घरात नियम एकच: इंजिन चालू असताना बोलायचं नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी गॅरेजच्या दारातून "अहो, चहा झालाय!" अशी हाक मारली, तर ह्यांनी मागे न बघताच हात वर केला. मग म्हणाले, "अगं, ती बोलतेय ना. दोघींचं एकदम कसं ऐकू?" तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं. पस्तीस वर्षं झाली त्याला.

हे कार्बोरेटरवाले. भाजीवाली मलाही कार्बोरेटरवाल्या काकू म्हणते. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवणारं ते भांडं, एवढं मला कळतं. ते जुळवायचं कानानं, असं ह्यांचं म्हणणं. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. सुसकारा ऐकायचा नि स्क्रू पाव फेरा फिरवायचा. पण नव्या गाड्यांत कार्बोरेटरच नसतो. गॅरेजात माश्या मारायची वेळ आली, तेव्हा ह्यांनी आपली पन्नास वर्षांची मोटार बाहेर काढली आणि भंगारातल्या एका डिझेल व्हॅनचा टर्बो तिला बसवायचं खूळ घेतलं. "म्हातारीला पळवतो बघ," म्हणाले. मी म्हटलं, "आधी या म्हातारीचे गुडघे बघा."

गेल्या वर्षी पहिल्यांदा चढावर नेली आणि पिस्टनला भोक पडलं. आठ महिन्यांची मेहनत पाण्यात. समोरच्या लेथवाल्या भाऊंनी कुठून कुठून चार पिस्टन मिळवले, घासून मापाला आणले आणि हात जोडले, "दादा, हे शेवटचे. पुन्हा मागू नका." ह्यांनीही जाहीर केलं, "हे पिस्टन जळले तर गाडी भंगारात, अवजारं भाऊंना आणि मी खुर्चीत." मी कितीही करवादत असले तरी एवढं जाणून आहे की हा माणूस एकदा खुर्चीत बसला की उठायचा नाही.

मग माझ्या जेवायच्या टेबलावर कार्बोरेटरची चिरफाड सुरू झाली. टर्बो हवा दाबून आत ढकलतो. पेट्रोलच्या वाटीला तोच दाब मिळाला नाही तर पेट्रोल पुढे सरकत नाही, इंजिन उपाशी राहतं नि पिस्टन जळतो. म्हणून वाटीला वेगळी नळी जोडली. तर त्या दाबानं वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ पितळी फ्लोट चेपला. भरीव फ्लोट शोधला. मग जेट, म्हणजे इवलासा पितळी स्क्रू, मधे केसाएवढं भोक. पेट्रोल जास्त यावं म्हणून ते भोक हातानं मोठं करायचं. सात वेळा काढला, सात वेळा बसवला. ह्यांचे डोळे लाल, टेबलाला पेट्रोलचा वास, आणि आमचं जेवण ओट्याशी उभ्याउभ्या. थकलो हो दोघंही. भांडायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीच्या चढावर निघालो. मी शेजारी. टर्बोची शीळ सुरू झाली, पाठीला धक्का बसला आणि ह्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तेवढ्यात मला तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा, बारीक, कडकड. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हसत होते, ॲक्सिलरेटरवर पाय तसाच दाबलेला.

अगदी हाच आवाज गेल्या वर्षीही, पिस्टनला भोक पडायच्या जरा आधी, आला होता. तेव्हाही मी शेजारीच होते, पण नियम पाळून गप्प बसले. मला येतो म्हणजे ह्यांना कधीचाच आला असणार, असं समजले. ह्यांना ऐकूच येत नसेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. आता एकेक आठवायला लागलं. दाराची बेल नेहमी मीच ऐकायची. काहीही सांगितलं की हे "हं हं" करून मान हलवायचे. जन्म ग्राइंडरशेजारी काढलेला, कान कुठले शाबूत राहायला!

"अहो, पाय काढा!" मी ओरडले. ह्यांचा हात वर गेला, तोच नियमाचा हात. मी तो धरून खाली ओढला. "पाय काढा म्हणते ना! खडे वाजतायत आत!"

गाडी कडेला लागली. इंजिन बंद झालं.

"कसले खडे? छान चालली होती," हे म्हणाले.

"वाजत होते. तुम्हाला ऐकू आले नाहीत. कधीपासून?"

ह्यांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "तीनेक वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले."

"मला सांगायचं तरी!"

"काय सांगू? कार्बोरेटरवाला बहिरा झाला म्हणून?"

मला रडू आलं, रागही आला. म्हटलं, "गेल्या वर्षीही मला ऐकू आलं होतं हे."

"मग बोलली का नाहीस?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या त्या हाताकडे. "पस्तीस वर्षं," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

बॉनेट उघडलं. खिशात कागदात गुंडाळलेला आणखी मोठा जेट होता, तो बसवला. मला वाटलं आता घरी जाऊ. तर हे माझ्या बाजूला आले, ती रबरी नळी सदऱ्याला पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"आजपासून ही तुझ्याकडे. आता पुन्हा वर जायचंय. तू बोलत राहा. जोरात बोल, म्हणजे मलाही ऐकू येईल."

इंजिन सुरू झालं. चढ लागला, शीळ आली. मी कान टवकारून बसले आणि ओरडले, "ठीक आहे!" पुढच्या वळणावर पुन्हा, "ठीक आहे!" टाकी येईपर्यंत माझा घसा बसला. ह्यांनी एकदाही हात वर केला नाही.