पिशयेत काय आसा?

नानांनी कुणाला 'कसा आहेस?' असं विचारलेलं मला आठवत नाही. भेटेल त्याला कुठून आलास, कुठं चाललास, पिशवीत काय, हे त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "खंयसून इलस? खंय चललस? पिशयेत काय आसा?" समोरचा अडखळला की म्हणत, "मगे तू माणूस न्हय, नुस्ती गर्दी!"

नाना लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत राहत. गिरणीत साचाखात्यात, मागावर कामाला; गावी दशावतारात तोंड रंगवलेले. रविवारी शहराबाहेरच्या माळावर लष्कराचा सराव चाले. किंतानाची खोटी घरं उभारून तिथं 'गाव' करत आणि गावकरी म्हणून नाना आम्हा दहाबाराजणांना नेत. गोळी न झाडता जमाव कसा आवरायचा, हे जवान आमच्यावर शिकत. नानांनी प्रत्येकाच्या हाती पिशवी दिली होती आणि आत खरी वस्तू : कुणाच्या औषधाची बाटली, कुणाच्या बाळाची झबली. "त्या पोरांका पिशवी दिसाक व्हयी. मगे हात थांबतलो." आणि माळावर खरंच, नानांनी पिशवी उंच धरली की जवान बंदुका खाली करत.

मला कायम प्रेताचं काम : जवानांचं चुकून गोळीबार झाला की पडायचं आणि सराव संपल्याची शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही. तेही धड जमेना. मुंगी चावली की मी खाजवायचो. "मेल्या, मेलेल्यान शिट्टी होईसर हलूचा नसता!" नाना ओरडत. जवानसुद्धा हसत.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस पेटले होते. एका दुपारी परळच्या नाक्यावर आम्ही दोघं मोर्चाच्या कडेला अडकलो. नाना बाळंतीण लेकीकडे निघालेले. पिशवीत डिंकाचे लाडू. समोर पोलिसांच्या बंदुका रोखलेल्या.

"नाना, पळा!"

"थांब रे. पिशवी दाखयतंय."

दोन पावलं पुढं जाऊन त्यांनी पिशवी डोक्यावर धरली.

आवाज झाला. मी सवयीनं आडवा झालो. शेजारी नानाही पडले. हाताला मुंगी डसली, तरी हललो नाही. आयुष्यात एकदाच मी प्रेताचं काम चोख केलं आणि नाना शाबासकी देतील म्हणून, डोळे मिटून, शिट्टीची वाट पाहत राहिलो.

संध्याकाळी पिशवी घेऊन मी त्यांच्या लेकीच्या दारात उभा होतो. तिला अजून काही कळलं नव्हतं. बाळाला खांद्यावर थोपटत ती हसली आणि थेट बापाच्या सुरात म्हणाली, "खंयसून इलास, दादा?"

मी पहिल्याच प्रश्नाला अडखळलो.