पहिली आंघोळ आणि हरणाची वेळ

आमच्या शेजारचे डच आजोबा तोंडावर बोलण्यासाठी गल्लीत प्रसिद्ध आहेत. आम्ही नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बेल वाजवून सांगितलं, की तुमचे पडदे कुरूप आहेत. राग नाही, खवचटपणा नाही. बाहेर पाऊस आहे हे सांगावं तसं. मी आठ दिवस धुमसले आणि मग पडदे बदलले, कारण ते खरंच कुरूप होते.

गेल्या सप्टेंबरात त्यांनी पुन्हा बेल वाजवली. हरणाच्या शिकारीला सोबत येशील का, असं विचारलं आणि कारणही सरळ सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, बायकोला जाऊन तीन वर्षं झालेली. मुलाने बजावलं होतं, की मचाणावर एकट्याने चढायचं नाही आणि शिकारीचा परवाना यंदा शेवटचाच. वेलुवेच्या जंगलात त्यांना एका पहाटेची परवानगी मिळाली होती. सोबत मिळाली तर जायचं, नाहीतर विषय संपला.

"मला एक शेवटचं हरीण हवंय," ते म्हणाले.

माझा शिकारीशी संबंध सुपरमार्केटमधल्या मटणाच्या पाकिटापलीकडे कधी गेला नव्हता, पण मला नाही म्हणवेना. इथल्या रीतीप्रमाणे सहा आठवडे आधी दोघांनी आपापल्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकली. पंचांग बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. त्यांना सुचणार नव्हतंच, मला सुचायला हवं होतं.

मग माझी शिकवणी सुरू झाली. हरणं दिवसभर झाडीत दडतात आणि चरायला बाहेर पडतात ती पहाटे किंवा तिन्हीसांजेला. त्यातही पहाट उत्तम. अंधारात जाऊन बसायचं, आणि ऊन वर आलं की आशा सोडायची. बोलायचं नाही, खोकायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन दिवस आधीपासून साबण, शाम्पू, सेंट सगळं बंद. हरणाला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास येतो म्हणे.

दोन दिवस मी इमानदारीत नुसत्या पाण्याने आंघोळ केली. आदल्या संध्याकाळी पुण्याहून आलेल्या सासूबाई उटणं भिजवताना दिसल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उद्या नरकचतुर्दशी!

"आई, उद्या मला जमणार नाही. पहाटे हरणाच्या शिकारीला जायचंय."

"अगं, उद्या नरकासुर मारायचा सोडून हरीण कसलं मारतेस? आणि पहिली आंघोळ चुकवणार? आमच्या घरात असं झालेलं नाही."

"मी नाही मारत. मी नुसती बाजूला बसणार."

"मग आंघोळ करून बस. तुझी हरणं पहाटे उठतात, आपणही पहाटेच उठतो. अडचण कुठे आहे?"

अडचण वासाची होती, पण हे त्यांना पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. पहाटे चार वाजता मला पाटावर बसवून डोक्यापासून पायापर्यंत सुवासिक तेल चोळलं गेलं, वर उटणं. कारीट इथे कुठून मिळणार? म्हणून डाव्या पायाच्या अंगठ्याने एक ब्रसेल्स स्प्राउट, म्हणजे लिंबाएवढा कोबी, चिरडायला घेतला. तो चिरडता चिरडत नव्हता, टणकन उडून फ्रीजखाली गेला. निघताना सासूबाईंनी कानामागे अत्तर लावलंच. मी पळत बाहेर आले.

आजोबा गाडीत बसले, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी पूर्ण खाली केली. ऑक्टोबरच्या त्या गारठ्यात आम्ही सव्वा तास तसेच गेलो. मी दिवाळी, सासूबाई, परंपरा सगळं समजावून सांगितलं. ते फक्त म्हणाले, "तुझा वास एका दुकानाएवढा आहे."

मचाणाच्या शिडीवर मी त्यांना मागून आधार दिला. वर बसल्यावर त्यांनी बोट ओलं करून वारा पाहिला. समोरून आमच्याकडे येत होता, म्हणजे अजून आशा होती. तासभर आम्ही हललो नाही. मग करडा उजेड पसरला आणि समोरच्या गवतात एक मादी येऊन उभी राहिली. मी इतकं देखणं काही फार दिवसांत पाहिलं नव्हतं. आजोबांनी बंदूक हळूच खांद्याला लावली. तेवढ्यात माझ्या मानेला मागून गार झुळूक लागली. मादीने मान वर करून नाक फेंदारलं, थेट माझ्याकडे पाहिलं, कळपाला इशारा देत एकदा खणखणीत भुंकली आणि दिसेनाशी झाली. मागच्या झाडीतूनही चार-पाच पळाल्याचा आवाज आला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसाची शेवटची पहाट मी तेल-उटण्यात घालवली होती.

"सॉरी," मी म्हणाले.

आजोबांनी बंदूक रिकामी करून कोपऱ्यात उभी केली.

"माझी बायको लॅव्हेंडरचं काहीतरी लावायची," ते म्हणाले. "एकतीस वर्षं माझ्याबरोबर इथे येऊन बसायची. आम्हाला फारशी हरणं मिळाली नाहीत."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"सांगितलं असतं तर ती आली नसती."

पहिल्या आठवड्यात पडद्यांवर बोलणारा हा माणूस! मला राहवलं नाही. "मग मला का सांगितलंत?"

"तू माझी बायको नाहीस," ते म्हणाले. "आणि मला खरंच हरीण हवं होतं."

मला हसू आलं. ऊन झाडांच्या वर आलं. आता संध्याकाळपर्यंत इथे एकही हरीण येणार नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"उतरायचं का?" मी विचारलं.

"अजून थोडं बसू," ते म्हणाले, आणि माझ्याकडे जरा सरकून बसले.