पांढरा पडलेला तरू

आमच्या बोरगावात तंबाखूचा तरू, म्हणजे लावणीच्या रोपांचा वाफा, टाकायचा तर आप्पांच्याच हातानं, असा रिवाज पडून गेला होता. बी राखेत कालवून वाफ्यावर फेकायचं, एवढंच ते काम. पण माझ्या वडिलांच्या हाताला गुण आहे म्हणून अर्धी गल्ली त्यांना बोलवायला यायची. त्या दिवशी आप्पा धुतलेली टोपी घालायचे आणि जरा मिजाशीतच चालायचे.

त्या साली आमच्याच वाफ्यात रोपं कुजायला लागली. मी रविवारची घरी आले होते. "थांबा, मी मारते औषध," म्हणत पंप पाठीला लावला. त्याच पंपानं आदल्या दिवशी मक्यात तणनाशक मारलेलं, आणि मी तो विसळलाच नाही. बेळगावला कॅम्पातल्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. साधी काचेची नळी नीट धुतली नाही तरी पोरांवर डोळे वटारते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

आठवड्याभरात वाफा पांढराफटक पडला. आप्पा बांधावर उकिडवे बसले होते. "असं कशानं झालं गं?"

मला कारण केव्हाच कळलं होतं. पण सांगायला जीभ रेटेना, म्हणून मी धडाच सुरू केला. पानातली हरितलवकं, म्हणजे ते हिरवे कण, बिघडले की पेशीच्या केंद्रकाला तसा निरोप जातो; मग केंद्रक हिरवेपणाच्या कामाची जनुकंच बंद करत सुटतं, वगैरे वगैरे.

"म्हंजे आतनंच बंद पडतंय?"

"व्हय, आप्पा."

ते बराच वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले.

पुढच्या वर्षी माणसं बोलवायला आली, तेव्हा आप्पांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "माझ्या हाताचा गुण गेला. आतनंच बंद पडलंय." मी तिथंच उभी होते. एका वाक्याचं काम होतं, आणि मी मूग गिळून बसले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. लोक नर्सरीतून रोपं आणू लागले.

यंदा सांगितलं. आता त्यांची बोटं थरथरतात, सदऱ्याची बटणं मी लावते. बटण लावता लावताच मी म्हणाले, "आप्पा, तो पंप मी धुतला नव्हता."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्याच साली बोलली असतीस," ते म्हणाले, "तर म्होरल्या साली पेरलं असतं की गं."