ताईंचं बोट

पेशंटसमोर स्टूल ओढून बसल्या की ताई आधी स्वतःचं बोट वर करून दाखवायच्या. "हे असं केलंस की आम्ही थांबलो. बोट तुझं, हुकूम तुझा." समोर गोरी बाई असली तर हेच इंग्रजीत, शेवटी "लव्ह" जोडून.

क्लेटनच्या त्या क्लिनिकमध्ये ताई नर्स होत्या आणि मी युनिव्हर्सिटी सांभाळून रिसेप्शनला बसायचे. आपल्याकडची मुलं विमानं भरभरून या देशात शिकायला येत होती, त्या काळातली ही गोष्ट. गर्भाशयाच्या अस्तरावर वाढलेला पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब, तिथे भूल न देता काढत. बारीक दुर्बीण, तिच्यातूनच जाणारी कात्री आणि काही मिनिटांचं काम. पण भूल नाही म्हटलं की भल्याभल्यांचे चेहरे उतरत. अशा बायका ताईंच्या वाट्याला.

एकदा कोंब जवळजवळ सुटला होता आणि पेशंटने बोट वर केलं. "ऑलमोस्ट देअर," असं म्हणत डॉक्टर काम रेटू लागले.

"डॉक्टर, फिंगर," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. डॉक्टर थांबले. बाई पाणी प्यायल्या, श्वास घेतला आणि मग स्वतःच म्हणाल्या, चालू करा. हे मला डॉक्टरांनीच सांगितलं, आणि सांगताना ते जरा ओशाळले होते.

मग माझ्यावरच ती वेळ आली. तीन महिने अधूनमधून रक्त जात होतं, तपासणीत तसाच कोंब दिसला. नवरा पुण्यात, व्हिसाची वाट बघत. आईला कळवायची हिंमत नव्हती. आपल्याला आता मूल होणार की नाही, एवढंच डोक्यात फिरायचं. हॉस्पिटलात भूल घ्यायची तर घरी न्यायला आणि रात्री सोबतीला माणूस लागतं. माझ्याकडे माणूस नव्हतं.

"मी आहे ना," ताई म्हणाल्या. सुट्टी असूनही आल्या.

पाळीत येते तशी कळ आली, मी बोट वर केलं. सगळं थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा केलं. खरं सांगते, तेव्हा काहीही दुखत नव्हतं. तरीही डॉक्टर थांबले.

ताई वाकून कानाशी म्हणाल्या, "ब्रेक लागतो का बघितलंस ना? लागतो. आता सोड हात सैल."

मला हसू आलं आणि रडूही. डाळिंबाच्या दाण्याएवढा तो कोंब निघाला, रिपोर्ट साधा आला. आज माझी मुलगी मला इंग्रजीत उत्तरं देते.

ताई मागच्या वर्षी गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी क्रेगीबर्नला त्यांच्या घरी मऊ भात घेऊन गेले होते. दोन घास कसेबसे गेले. मी तिसरा पुढे केला. "ताई, एकच. माझ्यासाठी."

पांघरुणातून त्यांचं बोट वर आलं.

मी चमचा वाटीत ठेवला. ताई हसल्या. ते बोट मी हातात धरून बसले, त्यांना झोप लागेपर्यंत.