समोरच्या दारात आबा

बाकीचे लोक घर सोडून जातात. आमच्यात घरच उठून जायचं आणि मी मागं राहायचे.

दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन निघायचे. सुप्याच्या बाजूला तोवर कुसळाशिवाय काही उरलेलं नसायचं. घोडीच्या पाठीवर तवा, घागर, घोंगड्या, मेंढरं कोंडायची जाळी, डालग्यातल्या कोंबड्या आणि सगळ्यांत वर एखादं पाय मोडलेलं कोकरू. एवढाच आमचा संसार. मला शाळेसाठी सुप्यात मामाच्या घरी ठेवलेलं. मी ओट्यावर उभी राहायचे आणि आबा जाता जाता म्हणायचे, "मागं बघत बसू नगं, पोरी. तू बगितलंस की तुजी आई थांबती, अन् ती थांबली की मेंढरं बी थांबत्यात." मग मी धूळ खाली बसेपर्यंत पाटीवर पाढे लिहायचे.

माझ्या दाखल्यावर जन्मगाव सुपे आहे. खरं म्हणजे मी भीमेकडच्या कुठल्यातरी वावरात जन्मले. ते वावर कुणाचं, हे आबांनाही सांगता यायचं नाही. आईबापाला अक्षर येत नव्हतं. पाऊस नसला की चारा नसायचा, कुणाच्या बांधाला मेंढरू लागलं की शिव्या खायच्या, आणि लांडग्यानं कोकरू नेलं की आई जेवायची नाही. यातल्या कशाची मला लाज वाटत नाही. ऑफिसात कुणी विचारलं तर मी असंच सांगते.

पुढं मेंढरं विकली. कन्हेरीला आबांनी थोडी जागा घेऊन पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायचं काम धरलं. मी बारामतीच्या कॉलेजात गेले. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, पोरं धरून. तिथंच कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला आणि तिथूनच नोएडाची नोकरी लागली. बारामतीच्या स्टँडवर आबा सोडायला आले होते. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. ते पाठ करून उभे होते. सांगितलेलं स्वतः पाळत होते.

नोएडात मराठी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ब्लॉग लिहायला लागले. राऊटर घरात कुठं ठेवावा, आईच्या फोनमधली अक्षरं मोठी कशी करावीत, बँकेच्या नावानं फोन आला तर काय करावं, असलं साधंच. वाचणारे तुम्ही, म्हणजे आईबाप गावाकडं आणि आपण लांब असले लोक. म्हणून हे तुमच्यासाठीच लिहितेय. इतके दिवस लिहिलं नाही, कारण ते कसं लिहावं हे कळत नव्हतं.

घरी कॅमेरा बसवायचा हे माझंच डोकं. मी इथून मागवला, बारामतीच्या वायरमननं पुढच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर ठोकला, बाकी सगळं मी फोनवरून जोडलं. त्या कॅमेऱ्याला चेहरे ओळखता येतात. आपण नाव लिहून ठेवलं की तो माणूस दिसल्यावर फोनवर निरोप येतो. आईला वाचता येत नाही, म्हणून तिच्या फोनला निरोप मोठ्यानं वाचायला लावलं. एका बाईचा गुळगुळीत आवाज म्हणायचा, "समोरच्या दारात आबा दिसले." आबा खूश व्हायचे. चौकटीला कोपर लावून, मान जराशी तिरकी करून ते कॅमेऱ्याकडं बघत उभे राहायचे, म्हणजे मला इकडं कळावं की बाप जागेवर आहे. आईचा पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, त्यामुळं तिचा चेहरा काही त्या यंत्राला उमजेना. तिच्यासाठी तो आवाज म्हणायचा, "अनोळखी व्यक्ती." आई वैतागायची. "सवत आणून बसीवली ह्या पोरीनं. घर सारवायचं मी, अन् परकी बी मीच." आबा हसून खोकायचे.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. सकाळी त्याच खोलीत, चहा पिता पिता. मी विमानतळावर पोचले तर बाहेर इतकं धुकं की काचेपलीकडचं विमान दिसेना. विमान सुटण्याची वेळ पुढं पुढं जात राहिली. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, फोन करून सांगितलं की दिवस मावळायच्या आत उरकावं लागेल. मी विमानतळावरच्या लोखंडी खुर्चीत बसून, फोनच्या चौकोनात, माझ्या बापाला दारातून बाहेर नेताना बघितलं.

सगळे परत आल्यावर आईनं आणि तात्यांनी आमच्या रीतीनं केलं. जीव गेला त्या जागी जमीन सारवून पीठ पसरायचं, त्यात दिवा ठेवायचा आणि वर विणलेली पाटी, म्हणजे टोपली, पालथी घालायची. गेलेला माणूस पिठात पाऊल उमटवून जातो. ते कसलं आहे त्यावरून तो पुढं कुठल्या जन्माला गेला ते समजतं. हे मी लहानपणी बघितलेलं होतं आणि मोठेपणी त्यावर हसलेही होते.

मी अजून विमानतळावरच होते, संध्याकाळ व्हायला आली होती. फोन थरथरला. समोरच्या दारात आबा दिसले.

मी चित्रफीत उघडली. खोली रिकामी. बायका बाहेर अंगणात, त्यांचे आवाज येत होते. मधोमध पालथी पाटी, तिच्या विणीतून दिव्याचा उजेड भिंतीवर पसरलेला. चेहरा कुणाचाच नाही. फक्त भिंतीवरचा उजेड एकदा बारीक झाला, एखादं माणूस दिव्यापुढून गेलं की होतो तसा, आणि परत मोठा झाला. दिवा पाटीखाली होता.

असल्या चुका कशा होतात, यावर मी स्वतः ब्लॉगवर लिहिलंय. सावली, उजेड, खुंटीवरचा कपडा, कशालाही यंत्र माणूस समजतं. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "बेटा, सब ठीक है?" मी म्हटलं, ठीक आहे. आणि चित्रफीत परत पहिल्यापासून लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले, तेव्हा पाटी उचलायची माझ्यासाठी थांबले होते. तात्यांनी उचलली. पिठात खूर उमटला होता. लहान, दुभंगलेला, नीट. उंदराचं काम असेल, पीठ खचलं असेल, मी मनात सगळं म्हणून बघितलं. तात्या डोळे पुसत म्हणाले, "मेंढरातच गेला गड्या. चांगलं झालं."

आई वाकून बघत राहिली. जन्म मेंढरांमागं गेलेला. मेंढरू कुठल्या वाटेनं गेलं, हे तिला खुरावरून कळतं. ती हळूच म्हणाली, "खुराचं टोक आत हाय, भावजी. ह्ये बाहीर गेल्यालं न्हाय. आत आल्यालं हाय."

मीही वाकून बघितलं. टोक खरंच दाराकडं नव्हतं.

मी ठरवून आले होते की आईला नोएडाला घेऊन जायचं. तिला साखरेचा त्रास, जवळ बघणारं कुणी नाही, आणि मला सुट्टी मोजकी. दहाव्यानंतर विषय काढला तर ती म्हणाली, "ते घरात हायती अन् मी कुठं येऊ?" मी समजावलं, तात्यांनी समजावलं. ती ऐकेना. उलट रोज दाराशी कपात चहा ठेवायला लागली. तात्या म्हणजे लांडगे फिरतात त्या माळावर एकटा झोपलेला माणूस, पण तेसुद्धा आता पुढच्या दारानं यायचे बंद झाले. मागच्या दारानं येऊन चुलीपाशी बसायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, पाय दुखतोय.

दुखवट्याचे फोन इतके यायचे की मी आल्यापासून माझा फोन मुका करून ठेवला होता. आईचा फोन आतल्या खोलीत असायचा आणि पुढं माणसांचा गलबला, म्हणून मला उशिरा कळलं. एका दुपारी मी न्हाणीतून येऊन दारात उभी राहिले आणि आतल्या खोलीतून तो गुळगुळीत आवाज आला. "समोरच्या दारात आबा दिसले." मागोमाग कपबशीचा आवाज. आई चहा ओतत होती, सवयीनं, काहीच विशेष नसल्यासारखी.

मी दारात एकटी होते. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही, हे सरळ सांगते.

मग तिथंच उंबऱ्यावर बसून फोन काढला आणि आल्या दिवसापासूनचे सगळे निरोप उघडले. आबा दिसले, आबा दिसले, आबा दिसले. प्रत्येकात मी होते. डोक्याला टॉवेल किंवा मफलर गुंडाळलेला, कोपर चौकटीला, मान तिरकी. मी अशी उभी राहते हे मला माहीत नव्हतं. कॅमेरा बसल्यापासून मी त्या घरात पहिल्यांदाच आले होते, माझं नाव त्याला कधी दिलंच नव्हतं. त्यानं आपल्याला ठाऊक असलेल्या चेहऱ्यांत मला शोधलं आणि जवळचा सापडला तो दिला. कारण सापडलं म्हणून बरं वाटायला पाहिजे होतं. पण त्या लहानशा चौकोनात माझ्या जागी बाप उभा असलेला बघून मला स्वतःचा चेहरा हातानं चाचपावासा वाटला.

आईला सांगावं की नाही, यात ती दुपार गेली. सांगितलं तर तिचा नवरा मी दुसऱ्यांदा घराबाहेर काढणार. नाही सांगितलं तर ती एकटी त्या आवाजाबरोबर राहणार, आणि मी गेल्यावर तो आवाजही बंद पडणार. तेव्हा ती काय समजेल, या विचारानं मी उठले.

तिला पुढच्या खोलीत आणून बाजेवर बसवलं, तिचा फोन तिच्याच हातात दिला. मी दारात जाऊन उभी राहिले. फोन बोलला. बाजूला झाले, परत आले. फोन परत बोलला. काय होतंय ते समजावून सांगितलं.

आईनं पदर मागं सारून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "नाक त्यांचंच हाय म्हणा. हट्ट बी त्योच." फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "अन् तू यायच्या आदी बोलला हुता त्यो? दिवा लावला तवा. मी अंगणात हुते. मला ऐकू आलं."

खोटं बोलणं सोपं होतं. सावली म्हणता आली असती.

"त्याचं मला सांगता येत न्हाय, आई."

"मग तेवढं एक त्यांचं," ती म्हणाली. "बाकी तुजं."

नंतर ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती लुगडी काढून घड्या घालत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "पाऊल आत वळल्यालं हुतं, ते मी काय चुकीचं वाचलं न्हवतं. पर तू गेल्यावर हितं दारात कोण हुबं राहणार? रिकाम्या घराला मी काय च्या पाजू?"

कन्हेरीचं घर आता बंद असतं. तात्या आठवड्यातून एकदा कुलूप काढून झाडून घेतात, पुढच्या दारानं. कॅमेरा मी चालू ठेवलाय. तो बहुतेक गप्पच असतो. क्वचित फोन थरथरतो. ते निरोप मी उघडत नाही आणि पुसतही नाही. हे कॉम्प्युटर शिकलेल्या बाईला शोभतं का, असं तुमच्यातलं कुणी विचारेल. विचारा. घर कुठं आहे असं कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे. आता थोडी थांबते. ज्या दाराशी उभं राहिलेलं माणूस आपलं आहे, एवढं कळतं, ते घर, असं काहीतरी मनात येतं आणि मी नोएडाचा पत्ता सांगते.

आई इथं सोसायटीतल्या बायकांशी मराठीतच बोलते आणि त्या हिंदीत उत्तरं देतात. कुणाचं काही अडत नाही. तिची साखर ताब्यात आहे. या शहरात माझ्या नावावर घर आहे आणि त्या घरात माझी आई राहते. एवढं मी केलं.